फुंक, बोट आणि माप : आडव्या बासरीचा इतिहास

जत्रेतला बासरीवाला आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. खांद्यावर बासऱ्यांचा भारा, ओठांशी त्यातलीच एक बासरी आणि एखाद्या जुन्या सिनेगीताची चाल. मूल हट्ट करते, बासरी घेतली जाते. घरी येऊन मूल फुंकते तेव्हा मात्र नुसती फुसफुस ऐकू येते. घरातले म्हणतात, ‘त्याने आपली चांगली ठेवली आणि आपल्याला वाईट दिली.’ शाळेत कोणीतरी म्हणते, ‘तुला सुराचा कान नाही.’ दोनचार दिवसांत बासरी माळ्यावर जाते.

ही दोन्ही निदाने घाईची आहेत. आडवी बासरी दिसायला अगदी साधी असते : बांबूची एक पोकळ नळी, एका टोकाला बूच, फुंकण्याचे एक छिद्र आणि बोटांसाठी सहा. पण ती वाजण्यासाठी तीन वेगवेगळ्या गोष्टी जमाव्या लागतात. फुंक नेमकी लागावी लागते, बोटे छिद्रांवर नीट बसावी लागतात आणि छिद्रे योग्य मापाने पाडलेली असावी लागतात. पहिल्या दोन गोष्टी वाजवणाऱ्याच्या हाती आहेत, तिसरी बनवणाऱ्याच्या. या तिन्ही गोष्टी माणसाला एकाच दिवशी कळल्या नाहीत. त्यामागे मोठा इतिहास आहे आणि त्यातला एक धागा आपल्या वाशिमशी येऊन मिळतो.

वत्सगुल्म ते अजिंठा

आजचे वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. 1939 साली वाशिम येथे दुसऱ्या विंध्यशक्ती राजाचा ताम्रपट उजेडात आला आणि या शाखेचा स्वतंत्र इतिहास स्पष्ट होऊ लागला. या शाखेचा सर्वांत बलाढ्य राजा हरिषेण. त्याचा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला. अजिंठ्याच्या 16 क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात वराहदेव हा दाता आपण हरिषेणाचा मंत्री असल्याचे सांगतो. वाशिमपासून अजिंठा सरळ रेषेत सुमारे दीडशे किलोमीटर आहे.

याच काळात, असे बहुतेक अभ्यासक मानतात, अजिंठ्याचे पहिल्या क्रमांकाचे लेणे घडले. त्याच्या भिंतीवर महाजनक जातकाची कथा रंगवलेली आहे. राजाचे मन संसारात रमावे म्हणून मांडलेला नृत्याचा प्रसंग त्यात आहे. मध्ये नर्तिका आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया. त्यांच्यापैकी दोघींच्या ओठांशी आडव्या बासऱ्या आहेत.

या चित्रावरून वत्सगुल्माच्या दरबारात बासरी वाजत होती असे सिद्ध होत नाही. चित्रातला प्रसंग जातककथेतला आहे. परंतु वाकाटकांच्या राज्यात काम करणाऱ्या चित्रकाराने आडवी बासरी जवळून पाहिलेली होती आणि वाद्यवृंदात तिचे स्थान त्याला ठाऊक होते, एवढे तरी नक्कीच म्हणता येते. आणखी एक गोष्ट लक्षात येते. बासरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मुरलीधर किंवा गुराखी उभा राहतो. येथे मात्र पंधराशे वर्षांपूर्वीच्या चित्रात बासरी स्त्रियांच्या हाती आहे. वर्गातल्या मुलींना हे चित्र जरूर दाखवावे.

पहिला धडा : फुंक

फुंकून वाजवायची नळी अजिंठ्याहून फारच जुनी आहे. जर्मनीतील होले फेल्स गुहेत 2008 साली गिधाडाच्या हाडापासून केलेली, बोटांची पाच छिद्रे असलेली बासरी सापडली. तिचे वय 35 हजार वर्षांहून अधिक मानले जाते. ती आडवी नव्हती. तिच्या टोकाशी खाच होती आणि त्या टोकावरूनच फुंकावे लागे.

जत्रेतही दोन तऱ्हा मिळतात. एकीच्या टोकाला शिट्टीसारखे तोंड असते. ते तोंडात धरून फुंकले की लगेच आवाज निघतो, कारण हवेचा झोत कोठे आदळायचा ते बनवणाऱ्यानेच ठरवून ठेवलेले असते. आडव्या बासरीत हे काम ओठांना करावे लागते. म्हणूनच ती शिकायला अवघड जाते. मात्र झोत ओठांच्या ताब्यात असल्यामुळे सुराचा जोर, त्याचा पोत आणि थोडीशी उंचीही वादकाला बदलता येते. शिट्टीच्या बासरीत ही मोकळीक फारशी नसते.

आवाज निघतो कसा? ओठांच्या फटीतून हवेचा पातळ झोत छिद्राच्या समोरच्या कडेवर आदळतो. तो कधी कडेच्या आत जातो, कधी बाहेर. आतल्या हवेच्या स्तंभात त्यामुळे कंपने सुरू होतात आणि तीच कंपने परत येऊन झोताला आत-बाहेर हलवतात. दोघांचा मेळ बसला की सूर लागतो. झोत रुंद असला किंवा कडेला चुकला तर हा मेळ बसत नाही आणि हवा नुसती फुसफुसते. नवशिक्याच्या फुसफुशीचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

म्हणून पहिल्या आठवड्यात बोटांचा विचारच करू नये. सर्व छिद्रे उघडी ठेवावीत. ‘पू’ म्हणताना होतात तसे ओठ करावेत. खालच्या ओठाने फुंकण्याच्या छिद्राचा पाव ते एक तृतीयांश भाग झाकावा आणि हळू फुंकत बासरी किंचित आत-बाहेर फिरवावी. कोठेतरी एका कोनात सूर एकदम उमटतो. तो कोन पुन्हा पुन्हा शोधणे हाच अभ्यास. एका वेळी पाच मिनिटे पुरेत. जोरजोरात फुंकत राहिल्यास चक्कर येते. भराभर श्वास सोडल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, म्हणून असे होते. अशा वेळी बासरी खाली ठेवून स्वस्थ बसावे. सुरासाठी जोर लागत नाही, नेमकेपणा लागतो, हे मुलांना येथेच कळते.

एक गैरसमज

बासरीचे एक टोक बुचाने बंद असते. म्हणून ती ‘एका टोकाला बंद नळी’ आहे असे कित्येकदा वर्गातही सांगितले जाते. ते बरोबर नाही. बूच फुंकण्याच्या छिद्राला अगदी लागून असते आणि ते छिद्र बाहेरच्या हवेला उघडेच असते. त्यामुळे बासरी दोन्ही टोकांना उघड्या नळीसारखी वागते.

याची परीक्षा कानानेच घेता येते. उघड्या नळीत मूळ सुरानंतरचा सूर दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे एक सप्तक वरचा असतो. बंद नळीत तो तिप्पट वारंवारतेचा असतो, म्हणजे सा नंतर एकदम वरच्या सप्तकातला प. बासरीवर एखादा सूर धरून ओठांची फट अरुंद केली आणि झोत जलद केला की तोच स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो. प्रयोगशाळेतील परीक्षानळीच्या तोंडावरून आडवे फुंकून हाच प्रयत्न केला, तर उडी वेगळी पडते. ती साधायला थोडा सराव लागतो. पण एकदा साधली की सूत्रे पाठ करण्याची गरज राहत नाही.

दुसरा धडा : बोट

भरताचे ‘नाट्यशास्त्र’ इसवी सनाच्या आरंभाच्या आसपासच्या शतकांतले मानले जाते. त्यात वाद्यांचे चार वर्ग केले आहेत : तारांची तत, कातड्याची अवनद्ध, आघाताची घन आणि फुंकीची सुषिर. सुषिर वाद्यांवरचा अध्याय अगदी लहान आहे, पण नवशिक्याच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. छिद्रावरच्या बोटाच्या तीन अवस्था त्यात सांगितल्या आहेत. बोट पूर्ण उचललेले, बोट कापते आणि बोट अर्धे उचललेले. या तीन अवस्थांची जोडी अनुक्रमे चार, तीन आणि दोन श्रुतींच्या स्वरांशी लावली आहे.

म्हणजे छिद्र एक तर उघडे नाही तर बंद, एवढ्यावर त्या काळचे वादक थांबले नव्हते. छिद्रे मोजकी आणि स्वर अनेक, ही अडचण त्यांनी बोटाने सोडवली होती. आजही कोमल स्वर अर्धे छिद्र झाकूनच काढतात. शुद्ध मध्यमही असाच काढावा लागतो.

शिकताना क्रम असा ठेवावा. तोंडाकडची तीन छिद्रे एका हाताच्या तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांनी झाकावीत. हा सा. अनामिका उचलली की रे, मग मध्यमा उचलली की ग. तर्जनी अर्धी उचलली की शुद्ध म, पूर्ण उचलली की तीव्र म. आता पुन्हा सा धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी खालची छिद्रे एकेक करून झाकत जावे : नि, ध आणि सर्व सहा बंद असता मंद्र प. बोटाचे टोक नव्हे तर पेराचा मऊ भाग छिद्रावर ठेवावा. केसाएवढी फट राहिली तरी खालचे स्वर बिघडतात. खालचा प लागत नाही म्हणून मूल अधिक जोरात फुंकते आणि सूर आणखीच वर उडतो. अशा वेळी फुंक सुधारण्याआधी बोटे तपासावीत.

तिसरा धडा : माप

तेराव्या शतकात देवगिरीला यादव राजा सिंघण राज्य करीत होता. वऱ्हाडही त्याच यादवांच्या राज्यात होते. सिंघणाच्या पदरी हिशेबखात्याचा एक अधिकारी होता, त्याचे नाव शार्ङ्गदेव. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे. या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ लिहिला. उत्तर आणि दक्षिण या दोन्ही संगीतपरंपरा आजही तो आधारभूत मानतात.

ग्रंथाच्या वाद्याध्यायात बासरीचे, म्हणजे वंशाचे, सविस्तर वर्णन आहे. बांबूखेरीज खैर, चंदन, हस्तिदंत आणि धातू यांच्याही बासऱ्या त्यात सांगितल्या आहेत. सर्वांत लक्षवेधी आहे ती बासऱ्यांची वर्गवारी. फुंकण्याच्या छिद्रापासून पहिल्या स्वरछिद्राचे अंतर किती अंगुळे, यावर प्रत्येक बासरीचे नाव ठरते. एक अंगुळ असेल तर एकवीर, दोन तर उमापती, तीन त्रिपुरुष, चार चतुर्मुख, पाच पंचवक्त्र, सहा षण्मुख, सात मुनी, आठ वसू, नऊ नाथेंद्र, दहा महानंद, अकरा रुद्र, बारा आदित्य, चौदा मनू, सोळा कलानिधी आणि शेवटची अष्टादशांगुल. एकूण पंधरा. ऋषी सात, वसू आठ, रुद्र अकरा, आदित्य बारा, मनू चौदा, चंद्राच्या कला सोळा. नावातच आकडा दडलेला आहे. गणिताच्या पुस्तकांत शब्दांनी संख्या सांगण्याची जी जुनी पद्धत होती, तीच येथे वाद्यांसाठी वापरली आहे. हिशेबखात्यातल्या माणसाला हे सुचावे यात नवल नाही.

नावांची गंमत बाजूला ठेवली तरी मुख्य गोष्ट उरते. अंतर वाढले की सूर खाली जातो आणि हे अंतर मोजून ठरवायचे असते, ही जाण येथे लेखी स्वरूपात आहे.

आजच्या भाषेत हीच गोष्ट अशी मांडता येईल. उघड्या नळीची वारंवारता म्हणजे ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट. 20 अंश सेल्सिअसला हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो. सर्व छिद्रे बंद असताना हवेच्या स्तंभाची परिणामी लांबी 40 सेंटिमीटर आहे असे समजू. मग वारंवारता सुमारे 429 हर्ट्झ येते. हा झाला मंद्र प. सा ची वारंवारता त्याच्या चार तृतीयांश, म्हणून लांबी तीन चतुर्थांश, म्हणजे 30 सेंटिमीटर हवी. याच रीतीने ध साठी 36, नि साठी 32, रे साठी सुमारे 26.7, ग साठी 24 आणि तीव्र म साठी सुमारे 21.3 सेंटिमीटर लांबी येते. ही अंतरे समान नाहीत, हे विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात येईल.

पण या आकड्यांवर छिद्रे पाडली तर बासरी बेसूरच होईल. छिद्र नळीच्या व्यासापेक्षा लहान असते, त्यामुळे हवेचा स्तंभ छिद्रापाशी नेमका संपत नाही, थोडा पुढे जातो. म्हणून छिद्र गणितापेक्षा तोंडाकडे थोडे सरकवावे लागते. छिद्र मोठे केले तर सूर चढतो. कुशल कारागीर छिद्र आधी लहान पाडतो, वाजवून पाहतो आणि मग कोरत कोरत सुरात आणतो. घाईघाईत एका ठोकळ मापाने छिद्रे पाडलेली स्वस्त बासरी सुरात नसते, ती यामुळेच. अशी बासरी हाती आलेल्या मुलाने कितीही सराव केला तरी त्याचा ग किंवा नि जागेवर येत नाही, आणि दोष मात्र त्याच्या कानाला दिला जातो.

बांबूचाही प्रश्न आहेच. विदर्भाच्या जंगलात मुख्यतः आढळणारी मानवेल जाड भिंतीची असते, कोरड्या जागी तर जवळजवळ भरीव. लाठीला आणि बांधकामाला ती उत्तम, पण बासरीला पातळ भिंतीची आणि लांब पेरांची जात लागते. असा बांबू आसामात होतो. उत्तर प्रदेशातील पिलीभीत हे गाव बासऱ्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारागीरही आसामचाच बांबू वापरतात.

लांब बासरी

एवढे ज्ञान असूनही उत्तर हिंदुस्थानी रागसंगीताच्या मैफलीत बासरीला मुख्य वाद्याचे स्थान फार उशिरा मिळाले. याचे एक कारण मापातच होते. आखूड बासरीचा सूर उंच असतो. खर्जातली संथ आलापी तीवर मांडता येत नाही.

ही अडचण पन्नालाल घोष यांनी दूर केली. त्यांचा जन्म 1911 साली आज बांगलादेशात असलेल्या बारिसालचा. 1940 मध्ये ते मुंबईस आले आणि चित्रपटसंगीतात काम करू लागले. त्यांनी निरनिराळ्या साहित्याच्या आणि मापांच्या नळ्या करून पाहिल्या आणि शेवटी सुमारे 32 इंच लांबीची बांबूची बासरी पक्की केली. सहा छिद्रांच्या खाली करंगळीसाठी सातवे छिद्रही त्यांनी पाडले. लांबी वाढली की छिद्रांमधील अंतरही वाढते, पण माणसाचा पंजा तेवढाच राहतो. त्यामुळे या बासरीवर बोटे ताणण्याची नवी सवय लावून घ्यावी लागते. नामवंत झाल्यावरही 1947 मध्ये त्यांनी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांच्याकडे शिकण्यास सुरुवात केली. 1960 साली त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य आणि जावई देवेंद्र मुर्डेश्वर यांनी ही परंपरा पुढे चालवली.

हरिप्रसाद चौरसिया यांचे उदाहरणही विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे आहे. अलाहाबादच्या पहिलवानाचा हा मुलगा. 1957 मध्ये ते आकाशवाणीच्या कटक केंद्रात लागले आणि नंतर मुंबईस आले. व्यावसायिक वादक म्हणून जम बसल्यावर ते अन्नपूर्णादेवींकडे शिकण्यास गेले. त्या वेळी पुन्हा पहिल्यापासून शिकण्याची तयारी म्हणून त्यांनी बासरी धरण्याची बाजूच बदलली. सरावलेली बोटे निरुपयोगी झाली आणि ते खरोखरच नवशिके झाले.

वर्गात काय करता येईल

बांबू न मिळाल्यास विजेच्या वायरिंगसाठी वापरतात ती प्लॅस्टिकची नळी घ्यावी. तिच्या निरनिराळ्या लांबीचे तुकडे करून टोकावरून फुंकावे आणि लांबी व सूर यांचा तक्ता करावा. त्यानंतर 15 सेंटिमीटर लांबीची परीक्षानळी वाजवावी. ती बंद नळी असल्यामुळे तिचा सूर जवळजवळ 30 सेंटिमीटरच्या उघड्या नळीएवढा येतो. मुलांना हे आधी न सांगता कानाने शोधू द्यावे.

दुसरा प्रयोग आपल्याकडच्या उन्हाळ्याचा. ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. तापमान 20 वरून 40 अंशांवर गेले तर सूर सुमारे साडेतीन टक्के चढायला हवा. म्हणजे सा आणि कोमल रे यांच्यातील अंतराच्या निम्म्याहून थोडा जास्त. फुंकेने आतली हवा आधीच थोडी ऊन झालेली असते, म्हणून प्रत्यक्षात फरक कमी पडतो. एप्रिलमध्ये सकाळच्या शाळेत आणि भर दुपारी तीच बासरी पेटीशी जुळवून पाहावी.

तिसरा प्रयोग सर्वांत महत्त्वाचा आहे. मुलांनी घरी माळ्यावर टाकलेल्या बासऱ्या शाळेत आणाव्यात. ज्याला वाजवता येते अशा कोणाही गावकऱ्याला बोलवावे, मग तो भजनी मंडळातला असो की गुरे राखणारा. त्याने प्रत्येक बासरी वाजवून पाहावी. त्याच्या हातीही जी बेसूर वाजेल ती बाजूला काढावी आणि मुलांनी तिची छिद्रे मोजावीत. जी त्याच्या हाती सुरात वाजेल ती ज्याची असेल त्याला परत द्यावी आणि आठवडाभर फक्त फुंकेचा सराव सांगावा. कोणाची अडचण फुंकेची, कोणाची बोटांची आणि कोणाच्या बासरीत मापाचीच चूक, हे अशा रीतीने वेगवेगळे करता येईल. एवढे झाल्याखेरीज कोणाही मुलाला सुराचा कान नाही, असा निकाल देऊ नये.